युद्धाची फिल्म वर्गात दाखवावी का?

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत देशभर नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या. भोंगा वाजला की कुठे जायचं, दिवे कधी घालवायचे, खिडकीपासून लांब का राहायचं, हे पुन्हा एकदा सगळ्यांना सांगावं लागलं. त्याच आठवड्यात मुलांच्या मोबाइलवर कोसळणारी विमानं आणि पेटलेली शहरं यांचे व्हिडिओ येऊन पडत होते आणि त्यातले कितीतरी खोटे होते. पुढे ऑगस्टमध्ये एनसीईआरटीने या कारवाईवर शाळांसाठी पूरक वाचनसाहित्य काढलं. म्हणजे युद्ध आता वर्गात आलेलंच आहे. फोंड्यातल्या एका पालकाने मला सरळ विचारलं, “सर, वर्गातल्या त्या मोठ्या टीव्हीवर युद्धाची फिल्म लावली तर ते शिकवणं झालं की भडकवणं?”

या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या त्याच्या मतावर सोडायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात फिल्म दाखवून लाखो माणसांना शिकवलं गेलं आणि त्यातून ती काय शिकली, हेही शास्त्रशुद्ध तपासलं गेलं. तपासणीचे निष्कर्ष फिल्मवाल्यांना फारसे आवडण्यासारखे नव्हते, म्हणून ते जास्त विश्वासार्ह वाटतात.

साधनं म्हणजे नुसता सिनेमा नव्हे

दृक्‌श्राव्य साधन म्हणजे पाहून किंवा ऐकून शिकता येईल अशी कुठलीही गोष्ट. भिंतीवरचा नकाशा, तक्ता, लाकडी प्रतिकृती, स्लाइड, रेकॉर्ड, फिल्म, सगळंच त्यात आलं. यातलं एक साधन आज विस्मरणात गेलं आहे, ते म्हणजे चित्रपट्टी. एका लहान रिळावर ओळीने बसवलेली स्थिर चित्रं. शिक्षक एकेक चित्र पुढे सरकवणार, हवं तिथे थांबणार आणि वाटलं तर मागे जाणार. या चित्रपट्टीला नीट लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

वर्गात फिल्म दाखवणं आधी धोक्याचं होतं. थिएटरची ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असे आणि ती भसकन पेट घेई. १९२३ मध्ये कोडॅकने सहज न पेटणारी १६ मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली आणि हातात धरून नेता येईल असा प्रोजेक्टर शाळेच्या दारात पोचू शकला. एडिसनसाहेबांनी तर १९१३ मध्येच सांगून टाकलं होतं की शाळांतली पुस्तकं लवकरच बाद होणार. पुस्तकं कुठे गेली नाहीत, आणि प्रोजेक्टरही बहुतेक शाळांत पोचला नाही. तो खऱ्या अर्थाने कामाला लागला युद्धामुळे.

माणूस हवा, आणि तो उद्याच हवा

१९४१ मध्ये अमेरिकेच्या कारखान्यांना एकदम लाखो कामगार लागले. शेतावरची मुलं, घराबाहेर कधी नोकरी न केलेल्या बायका, सगळ्यांना लेथवर उभं करायचं होतं. अनुभवी कारागीर मोजके, आणि तेही उत्पादनात अडकलेले. तिथल्या शिक्षण खात्याने मग कामगारांसाठी साहित्य बनवायला घेतलं. १९४५ च्या मध्यापर्यंत ४५७ बोलपट, ४३२ चित्रपट्ट्या आणि ४५७ शिक्षक-पुस्तिका तयार झाल्या. मला यातला तिसरा आकडा सगळ्यांत बोलका वाटतो. जितक्या फिल्म, तितक्याच पुस्तिका. बटण दाबून शिक्षकाने चहाला जावं, अशी कोणाचीच कल्पना नव्हती.

या फिल्म बहुतेक कंटाळवाण्या होत्या आणि ते चांगलंच होतं. मायक्रोमीटरने जाडी कशी मोजायची, हे उदाहरण घ्या. म्हापशाच्या किंवा फर्मागुडीच्या आयटीआयमध्ये शिकलेल्यांना हा प्रसंग माहीत असेल. मास्तर हातात मायक्रोमीटर धरतात, भोवती वीसजण कोंडाळं करतात, पुढच्या तिघांना रेघा दिसतात आणि बाकीच्यांना मास्तरांची कोपरं. समोर उभ्या असलेल्याला तर सगळं उलटं दिसतं. प्रशिक्षणाची फिल्म कामगाराच्या खांद्यावरून घेता येते. पडद्यावरचा उजवा हात पाहणाऱ्याच्या उजव्या हाताच्या बाजूलाच येतो आणि रेघा हातभर मोठ्या होऊन वीसही जणांना सारख्या दिसतात. वेग कमी करता येतो, तोच भाग पुन्हा दाखवता येतो. इथे कॅमेऱ्याने असं काही करून दाखवलं जे मास्तरांना जमणं शक्यच नव्हतं.

लष्करानेही हेच केलं. अमेरिकेच्या हवाई दलाने चारशेहून अधिक प्रशिक्षणपट आणि सहाशेच्या आसपास चित्रपट्ट्या काढल्या. १९४३ च्या मध्यापासून दोन वर्षांत या फिल्मचे चाळीस लाखांवर खेळ झाले. सैनिकांसाठी ‘प्रायव्हेट स्नाफू’ नावाचं व्यंगपात्रही होतं. हा बावळट शिपाई नेमकं जे करू नये ते करायचा आणि त्याची शिक्षा भोगायचा. पुढे डॉक्टर स्यूस म्हणून प्रसिद्ध झालेले थिओडोर गायझेल त्याच्या लेखकांपैकी एक.

शाळकरी मुलांच्या वाट्याला वेगळंच काम आलं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे क्षणात ओळखायला शिकवण्यासाठी अमेरिकन नौदलाने १९४२ मध्ये शाळांकडे विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागितल्या. प्रमाण एकास बहात्तर. हा आकडा विचार करून निवडलेला दिसतो. दहा मीटरवरून पाहिलेली अशी प्रतिकृती ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. म्हणजे वर्गाच्या दुसऱ्या टोकाला टांगलं की झालं आकाश. प्रतिकृती काळ्या रंगवत, कारण दुरून विमानाची फक्त काळी आकृती दिसते. वास्को-बोगमाळोची मुलं आवाजावरून नौदलाचं विमान ओळखतात, त्यांना यातली गंमत लगेच कळेल. वीज नाही, पडदा नाही, तरी हे उत्तम दृक्‌साधन होतं, आणि ते मुलांनीच बनवलं होतं.

फिल्मने काय शिकवलं, काय नाही

आता मुख्य मुद्दा. माणसाला मायक्रोमीटर वापरायला शिकवणं वेगळं आणि “तू का लढतो आहेस” हे पटवणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांनी हॉलिवूडचे नावाजलेले दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांना बोलावलं. त्यांनी ‘व्हाय वुई फाइट’ ही सात माहितीपटांची मालिका केली. ती सैनिकांना सक्तीने दाखवली जाई.

कार्ल हॉवलंड या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने तिचा परिणाम मोजला. पद्धत साधी होती. काही तुकड्यांना फिल्म दाखवायची, तशाच दुसऱ्या तुकड्यांना नाही, आणि काही दिवसांनी दोघांना एकच प्रश्नावली द्यायची. ही प्रश्नावली फिल्मबद्दल आहे, हे मात्र सांगायचं नाही, नाहीतर माणसं साहेबांना आवडेल ते लिहितात.

ब्रिटनवरच्या हवाई हल्ल्यांच्या फिल्मबाबत एक प्रश्न होता की जर्मनांना ब्रिटिश विमानं जमिनीवरच का उडवता आली नाहीत. उत्तर फिल्ममध्ये होतं. विमानं धावपट्टीच्या कडेने विखरून ठेवली होती. फिल्म न पाहिलेल्यांत पाचातल्या साधारण एकाला हे माहीत होतं, पाहिलेल्यांत पाचातल्या जवळजवळ चौघांना. माहिती देण्यात फिल्म पहिल्या नंबराने पास. मतांवरचा परिणाम याहून बराच कमी, तोही फिल्ममध्ये थेट मांडलेल्या मुद्द्यांपुरता. आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला ती गोष्ट, म्हणजे लढण्याची इच्छा, जवळपास जागची हललीच नाही.

आपल्याकडे पाडेली माडावर चढताना रोज दिसतो. पायांत दोरीचा फास अडकवून तो कसा सरकतो, कोयता कुठे खोचतो, हे पाहून कळतं. दहा वेळा पाहिलं तर बारकावेही सांगता येतील. पण पाहून कोणी माडावर चढायला लागत नाही, आणि पाहिलं म्हणून पाडेली व्हावंसंही कोणाला वाटत नाही. त्यासाठी माडाला हात लावावा लागतो, आणि चढायचं काही कारण असावं लागतं.

या अभ्यासात आणखी एक चमत्कारिक गोष्ट निघाली. नऊ आठवड्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा माहिती पुष्कळशी पुसली गेली होती, पण काही मतं मात्र पाचव्या-सहाव्या दिवसापेक्षा फिल्मच्या बाजूला जास्त झुकली होती. कुठे पाहिलं ते विसरलं, वाटणं तेवढं उरलं. वर्गात फिल्म दाखवणाऱ्याने या निष्कर्षाला जरा घाबरूनच राहावं.

मग ज्या शाळेत मोठा टीव्ही नाही?

तिने खंत करू नये. याच संशोधकांनी नकाशावाचन शिकवताना बोलपट आणि साधी चित्रपट्टी समोरासमोर ठेवली. दोन्हींनी शिकलेल्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. नकाशा हलत नाही, मग तो हलत्या चित्रात दाखवून काय मिळणार? जिथे हालचाल हाच शिकण्याचा विषय आहे, तिथे फिल्म. बाकी ठिकाणी चित्र पुरतं.

दुसरा प्रयोग तर प्रत्येक शिक्षकाने पाठ करावा असा आहे. वायरलेसवर अक्षरं नीट कळावीत म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द दिलेला असतो. तेव्हा ए म्हणजे एबल, बी म्हणजे बेकर, सी म्हणजे चार्ली असे शब्द होते. एका गटाने ही चित्रपट्टी गप्प बसून पाहिली. दुसऱ्या गटाला मध्येमध्ये थांबवून उत्तर मोठ्याने म्हणायला लावलं. दुसरा गट स्पष्टपणे पुढे गेला, आणि जे शिकायला मागे होते त्यांना याचा सर्वांत जास्त फायदा झाला. आपल्या आज्यांच्या पिढीने पाढे ओरडून म्हटले ते काही उगाच नाही.

सत्तरी-सांग्यातल्या एकशिक्षकी शाळेला यातलं काहीही महाग नाही. शिवाय स्थिर चित्राचा एक मोठा फायदा असा की ते कुठलीच भाषा बोलत नाही. फिल्म हिंदी किंवा इंग्रजीत बडबडत असते, मुलांच्या घरी कोकणी, शाळेत मराठी. आवाज बंद करून बाईंनी स्वतः सांगितलं तर मुलांना एकच काम राहतं, ते म्हणजे पाहणं. पडद्यावरची पट्टी वाचू, निवेदक ऐकू, की चित्र बघू, या ओढाताणीत चित्रच हातचं जातं.

‘पाहिलेलं इतके टक्के लक्षात राहतं’ ना?

वाचलेलं दहा टक्के, ऐकलेलं वीस, पाहिलेलं तीस, असा एक त्रिकोण शिक्षकांच्या प्रशिक्षणात हमखास भेटतो. खाली नाव असतं अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं. डेल यांनी १९४६ मध्ये, म्हणजे युद्धातल्या या सगळ्या अनुभवाच्या पाठोपाठ, ‘अनुभवाचा शंकू’ नावाची आकृती मांडली हे खरं. तळाला प्रत्यक्ष अनुभव, टोकाला नुसते शब्द. पण त्यात टक्के नव्हतेच. ते नंतर कोणीतरी चिकटवले आणि त्यांच्यामागे कुठलाही अभ्यास नाही. इतके गोल, दहादहाच्या टप्प्याने चढणारे आकडे माणसांच्या कुठल्याच खऱ्या परीक्षेत येत नाहीत, एवढ्यावरूनही शंका यायला हवी होती.

पण हा प्रचारच नव्हे का?

कधीकधी असतो, आणि तो ओळखता आला पाहिजे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९४० मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झालं. त्याच्या कामात व्ही. शांतारामही होते. १९४३ मध्ये ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आली आणि सरकारमान्य लघुपट दाखवणं थिएटरांना सक्तीचं झालं. ज्या देशाला न विचारता युद्धात ओढलं, ज्याचे पुढारी तुरुंगात होते, त्याच्या लोकांना हे युद्ध तुमचंच आहे असं पडद्यावरून सांगितलं जात होतं. लोक काय समजायचं ते समजले. १९४६ मध्ये ही संस्था गुंडाळली गेली. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन काढली आणि मुख्य सिनेमाआधी सरकारी माहितीपट लावायची पद्धत पुढे चालू राहिली. पुढे गोव्यातल्याही एका पिढीने भुईमूग खात ती रिळं पाहिली.

प्रचार आणि शिक्षण यांतला फरक कळायला हॉवलंडच्या गटाचाच आणखी एक प्रयोग उपयोगी पडतो. १९४५ मध्ये, जपानशी युद्ध अजून लांबेल का, या विषयावर त्यांनी सैनिकांना रेडिओचे दोन कार्यक्रम ऐकवले. एकात एकच बाजू, दुसऱ्यात विरुद्ध बाजूचे मुद्देही. ज्यांचं मत आधीच तसं होतं त्यांच्यावर एकतर्फी कार्यक्रम जास्त चालला. ज्यांचं मत उलट होतं आणि ज्यांचं शिक्षण जास्त होतं, त्यांना दोन्ही बाजू ऐकवणारा पटला. म्हणजे एकतर्फी फिल्म लावली की आधीच टाळ्या वाजवणारे आणखी जोरात वाजवतात, आणि ज्यांना शंका आहे ते गप्प बसून लांब जातात. वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असतात.

पडद्यावरचं मुरगाव

गोवा तेव्हा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ. तरीही युद्ध आपल्या दारात आलं होतं. एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही जर्मन जहाजं आणि अँफोरा हे इटालियन जहाज मुरगाव बंदरात आसऱ्याला होती. एहरेनफेल्सवरून गुप्त वायरलेसने पाणबुड्यांना खबर जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव पथकाची, बहुतेक मध्यमवयीन नोकरदारांची एक टोळी त्या जहाजावर चढली. जर्मन-इटालियन खलाशांनी आपलीच जहाजं पेटवून बुडवली. तटस्थ बंदरातला हल्ला म्हणून ब्रिटिशांनी पुढे कितीतरी वर्षं तोंडातून ब्र काढला नाही. १९८० मध्ये यावर ‘द सी वूल्व्ज’ हा इंग्रजी सिनेमा आला, त्याचं चित्रीकरणही गोव्यात झालं.

इतिहासाच्या तासाला तो अख्खा दाखवावा असं मी म्हणणार नाही. सिनेमाला नायक लागतो, नायकाला प्रेमप्रकरण लागतं, आणि ते इथे आहेच. पण जहाजावर चढण्याचा चार मिनिटांचा तुकडा, शेजारी मुरगावचा नकाशा, आणि तीन प्रश्न. हे बंदर कोणाचं होतं? हल्ला करणाऱ्यांनी कोणता नियम मोडला? आणि या सगळ्यात गोंयकार कुठे दिसतो? तिसऱ्या प्रश्नाला नववीतली मुलं काय उत्तर देतात ते ऐकण्यासारखं असतं. एकदा एक मुलगी म्हणाली, “सर, तो फक्त बाजूने जातो.” कॅमेरा कोणाच्या खांद्यावरून पाहतो आहे, हा धडा आणखी कसा शिकवणार?

मुलं घाबरली तर?

घाबरतात. अगदी लहान मुलांना पुन्हा पुन्हा दाखवलेला एकच स्फोट दर वेळी नवा वाटू शकतो. म्हणून प्राथमिकच्या वर्गात नुकसान दाखवायचं नाही, कृती दाखवायची. युक्रेनमध्ये भूसुरुंग हुंगून काढणाऱ्या ‘पात्रोन’ नावाच्या छोट्या कुत्र्यावर युनिसेफच्या साथीने कार्टून मालिका केली गेली. अनोळखी वस्तू दिसली की हात लावू नकोस, मागे फीर, मोठ्यांना सांग, हे मुलं त्याच्याकडून शिकतात. त्यासाठी रक्त दाखवायची गरज पडत नाही. आपल्याकडे भोंग्यांचा आवाज ऐकवणं एवढंही पुष्कळ आहे. वरखाली होणारा म्हणजे धोका, एकसुरी लांब म्हणजे धोका टळला. आधी सांगून मग ऐकवायचं, आणि प्रत्येक आवाजाला मुलांनी उठून ती कृती करायची.

मोठ्या मुलांचा धोका वेगळा आहे. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं युक्रेनपासून आपल्यापर्यंत अनेक युद्धांत खरी म्हणून फिरली, इतकी की गेम बनवणाऱ्या कंपनीला २०२२ मध्ये खुलासा करावा लागला. अशी एखादी क्लिप वर्गात मुद्दाम लावावी आणि थांबवत थांबवत पाहावी. कॅमेरा कोण धरून उभा आहे? त्याचा हात कापत का नाही? आवाज प्रकाशाबरोबरच कसा पोचतो? भौतिकशास्त्राच्या बाईंनाही बोलवता येईल.

हे सगळं करून पोर्शन कधी संपणार?

तक्रार रास्त आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात हजेरी धरून तीस हातात येतात. त्यात चाळीस मिनिटांचा माहितीपट बसत नाहीच, आणि बसवूही नये. फळ्यावर आधी दोन प्रश्न लिहायचे. चार मिनिटांची क्लिप एकदा आवाज बंद करून दाखवायची, सांगायचं आपण. मग एकदा आवाजासह, दोन ठिकाणी थांबवून, मुलांना पुढचं बोलायला लावून. उरलेल्या वेळात त्यांनी करून किंवा काढून दाखवायचं, म्हणजे नकाशा, आकृती, नाहीतर भोंग्याची कृती. वीसेक मिनिटांत होतं. क्लिप मात्र आदल्या दिवशी स्वतः शेवटपर्यंत पाहिलेली आणि पेनड्राइव्हवर उतरवलेली असावी. वाळपईच्या पलीकडे नेटवर्क जातं, आणि जिथे जात नाही तिथे नेमक्या धोक्याच्या भोंग्यावर शाम्पूची जाहिरात लागते.